अक्षरांचा पडदा आणि गाणारी तबकडी

कपाटाच्या खालच्या खणांत कित्येक वर्षें पडून राहिलेली एखादी गाण्याची सीडी बाहेर काढावी, तिच्यावरची धूळ मऊ फडक्यानें पुसावी, ती संगणकाच्या ड्राइव्हमध्यें ठेवावी, आणि जुन्या पुस्तकांत सांगितलें आहे त्याप्रमाणें काळ्या पडद्यावर 'सीडीप्ले' एवढा एकच शब्द टाइप करून एंटरची कळ दाबावी. आंतून तबकडी फिरूं लागल्याची घरघर ऐकूं येते, ड्राइव्हवरचा लहानसा दिवा लुकलुकतो, पडद्यावर कसलीहि तक्रार उमटत नाहीं. पण गाणें मात्र ऐकूं येत नाहीं. श्रोता आवाज वाढवून पाहतो, स्पीकरची पिन उपसून पुन्हां बसवितो, आणि शेवटीं तबकडीच बिघडली असें समजून ती टाकून देण्याच्या विचाराला लागतो. वस्तुतः पुष्कळदां तबकडीचा कांहींएक अपराध नसतो. ड्राइव्हनें आज्ञा तंतोतंत पाळलेली असते, तबकडी खरोखर वाजतहि असते. केवळ तिचें गाणें खोलीपर्यंत येण्याची जी वाट होती, ती आतां राहिलेली नसते.

ही वाट कोणती होती, ती कां बुजली, आणि तिच्या जागीं दुसरी कोणती आली, हें समजून घेण्यासारखें आहे. कारण त्यांत केवळ यंत्राची गंमत नाहीं. घरोघरीं ज्या तबकड्या अद्यापि पडून आहेत, त्यांतील गाणीं व आवाज पुढल्या पिढीला ऐकूं येणार कीं नाहीं, हा प्रश्न त्याच उत्तरांत गुंतलेला आहे.

प्रथम तबकडीचीच ओळख करून घेतली पाहिजे. नेदरलंड्समधील फिलिप्स आणि जपानमधील सोनी ह्या दोन कंपन्यांनीं मिळून 1980 सालीं ह्या तबकडीचे नियम ठरविले. त्या नियमग्रंथाला त्याच्या वेष्टणाच्या रंगावरून 'रेड बुक' असें नांव पडलें. 1 ऑक्टोबर 1982 रोजीं जपानांत तिची विक्री सुरू झाली. तबकडीचा व्यास 120 मिलिमीटर आणि जाडी 1.2 मिलिमीटर. पारदर्शक प्लास्टिकच्या आंत ॲल्युमिनियमचा एक अत्यंत पातळ थर असतो, आणि त्या थरावर बारीक खळग्यांची एकच एक नागमोडी वाट आंतल्या बाजूपासून बाहेरच्या कडेपर्यंत फिरत गेलेली असते. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई कडेकडून मध्याकडे सरकते. येथें उलट, आरंभ मध्याजवळ आणि शेवट कडेला. शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांमध्यें अंतर किती म्हणाल, तर 1.6 मायक्रोमीटर; म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडींत असे सुमारें चाळीस फेरे मावतील. ही वाट उलगडून सरळ पसरली, तर तिची लांबी पांच किलोमीटरांहून अधिक भरेल. तिच्यावरून सुई फिरत नाहीं. डोळ्यांना न दिसणाऱ्या लेसर प्रकाशाचा एक ठिपका फिरतो, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून यंत्र खळगा कोठें सुरू झाला व कोठें संपला हें ओळखतें.

ह्या खळग्यांत गाण्याचा आकार नसतो. गाण्याचे आकडे असतात. हवेंतील ध्वनिलहरीची उंची एका सेकंदांत 44,100 वेळां मोजावयाची, प्रत्येक माप सोळा द्विमान अंकांत लिहावयाचें, आणि उजव्या व डाव्या अशा दोन्ही बाजूंसाठीं तें निरनिराळें करावयाचें, अशी ही पद्धति आहे. त्यामुळें एका सेकंदाच्या गायनाला 1,76,400 बाइट लागतात. हे बाइट सेकंदाला 75 अशा लहान लहान तुकड्यांत बांधलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्यांत 2,352 बाइट बसतात. तबकडीवरील कोणतीहि जागा सांगावयाची म्हणजे मिनिट, सेकंद आणि तुकडा असे तीन आकडे सांगावयाचे. तीन मिनिटें, वीस सेकंद, पंधरावा तुकडा, एवढें म्हटलें कीं ठिकाण नक्की झालें.

तबकडीच्या आरंभीं, गाणीं सुरू होण्यापूर्वीं, एक अनुक्रमणिका असते. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेंत प्रकरणांचीं नांवें असतात आणि त्यांपुढें पानांचे आकडे असतात. ह्या अनुक्रमणिकेंत केवळ आकडेच असतात. पहिलें गाणें अमुक मिनिट-सेकंदाला, दुसरें अमुकाला, शेवट अमुकाला. जास्तींत जास्त नव्याण्णव गाणीं. गाण्याचें नांव, गाणाऱ्याचें नांव, राग, कवि, संगीतकार, ह्यांपैकीं एकहि अक्षर तेथें नसतें. पुढें 1996 च्या सुमारास नांवें घालण्याची एक सोय निघाली खरी, पण फार थोड्या तबकड्यांवर तिचा उपयोग झाला. ही निनांवी अनुक्रमणिका लक्षांत ठेवावी. पुढें तिच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

आतां अक्षरांच्या पडद्याकडे वळूं. संगणकाच्या पडद्यावर आज चित्रें, खिडक्या आणि बोटानें दाबावयाचीं चिन्हें दिसतात. पण त्यापूर्वीं, आणि जाणत्या लोकांच्या कामांत आजहि, संगणकाशीं व्यवहार होतो तो अक्षरांनीं. एक काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण. मनुष्यानें आज्ञा टाइप करावी, आणि यंत्रानें तिचें उत्तर खालच्या ओळींत लिहावें. ह्यालाच टर्मिनल असें म्हणतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या अमेरिकन कंपनीनें 1978 सालीं काढलेल्या व्हीटी-100 नांवाच्या टर्मिनलावर चोवीस ओळी आणि प्रत्येक ओळींत ऐंशी अक्षरें मावत असत. ती मोजणी अद्यापि पुष्कळ ठिकाणीं प्रमाण मानली जाते. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्यानें 1991 सालीं लिनक्सचा आरंभ केला, तेव्हां त्या प्रणालीला हाच अक्षरांचा पडदा ठाऊक होता. अशा पडद्यावरून गाणें कसें वाजवावें? नवल असें कीं, ह्या कामाला तो पडदा अगदीं पुरेसा होता.

ह्याचें कारण, त्या काळीं संगणक गाणें वाजवीत नव्हताच. वाजविणारा होता तो ड्राइव्ह. सीडी ड्राइव्ह म्हणजे एक पूर्ण सीडी-वादक यंत्रच संगणकाच्या पेटींत बसविलेलें असे. लेसर त्याचा, मोटर त्याची, आकड्यांचा पुन्हां ध्वनि करणारा भागहि त्याच्याच पोटांत. पुष्कळ ड्राइव्हांच्या तोंडावर हेडफोनचें भोंक आणि आवाज कमीजास्त करण्याचें लहान चाकहि असे. ड्राइव्हच्या पाठीमागून चार पिनांची एक पातळ तार निघे आणि ती साउंड कार्डाला जाऊन मिळे. गाणें जाई तें ह्या तारेवरून, तयार ध्वनीच्या रूपानें. संगणकाचा मेंदू म्हणून जो भाग ओळखला जातो, त्याच्याकडे त्यांतला एक सूरहि येत नसे.

त्या मेंदूचें काम एवढेंच, कीं आज्ञा पोंचती करावी. पुढें सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतींत ही आज्ञा बारा बाइटांच्या एका पाकिटांत मावे. 'अमुक मिनिट, अमुक सेकंद, अमुक तुकड्यापासून अमुक मिनिट, अमुक सेकंद, अमुक तुकड्यापर्यंत वाजव', असे तींत सहा आकडे असत. पांच मिनिटांच्या एका गाण्यांत पांच कोटी एकोणतीस लक्षांहून अधिक बाइट भरलेले असतात. पण तें गाणें वाजविण्यासाठीं संगणकाला बारा बाइट पाठविले कीं पुरे होत असे. मालकानें माळ्याला 'बागेला पाणी घाल' म्हणावें आणि आपल्या वाचनाकडे वळावें, तशांतला हा प्रकार होता. 1990 नंतरच्या पहिल्या वर्षांतील घरगुती संगणकांची शक्ति लक्षांत घेतली, तर ही व्यवस्था किती शहाणपणाची होती हें कळून येईल. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या एका तबकडींत 78 कोटींहून अधिक बाइट असतात. त्या काळच्या पुष्कळ संगणकांच्या हार्ड डिस्कमध्यें एवढी जागाच नव्हती.

आज्ञेची वाट आणि गाण्याची वाट अशा निरनिराळ्या असल्यामुळें कांहीं मौजेचे प्रकार घडत. आज्ञा देणारा लहान कार्यक्रम आपलें काम आटोपून बंद झाला, तरी गाणें चालूंच राही. कारण माळी बागेंत होताच. दुसऱ्या खोलींतील संगणकाशीं जाळ्यानें जोडलेल्या टर्मिनलावरून आज्ञा दिली, तर गाणें येथें न वाजतां तेथें वाजूं लागे. एखाद्या खोडकर सहकाऱ्यानें दुरून 'इजेक्ट' अशी आज्ञा सोडावी, आणि भलत्याच मनुष्याच्या टेबलावरील यंत्राचा ट्रे आपोआप बाहेर यावा, हाहि विनोद त्या व्यवस्थेंत सहज शक्य होता.

ह्या आज्ञा देण्यासाठीं निरनिराळे छोटे कार्यक्रम निर्माण झाले. लिनक्सवर 'सीडीटूल' नांवाचा एक संच होता. त्यांत 'सीडीप्ले', 'सीडीपॉज', 'सीडीस्टॉप', 'सीडीइजेक्ट' अशा स्वतंत्र आज्ञा होत्या. शब्द वाचला कीं काम कळावें, इतकें तें सरळ होतें. फ्रीबीएसडी ह्या दुसऱ्या प्रणालींत 'सीडीकंट्रोल' नांवाचा कार्यक्रम होता. तो एकदां सुरू केला कीं त्याच्याशीं प्रश्नोत्तरांच्या रीतीनें बोलतां येई. 'वर्कबोन' ह्या कार्यक्रमाची युक्ति आणखी निराळी होती. कळफलकाच्या उजव्या बाजूला आंकड्यांच्या कळांचा जो चौकोन असतो, त्यालाच त्यानें वादक यंत्राच्या बटणांचें रूप दिलें. 'सीडीए' नांवाच्या कार्यक्रमांत एकेक आज्ञा देण्याची सोय होती, आणि अक्षरांच्याच रेषा व चौकटी आंखून वादक यंत्राचें तोंड पडद्यावर उभें करण्याचीहि सोय होती.

ज्याला चित्रांचा पडदा उपलब्ध आहे त्यानें अक्षरांच्या पडद्याचा हव्यास कां धरावा, असा प्रश्न येथें कोणी विचारील. कांहींजणांना ती केवळ हौस होती, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. परंतु कांहीं माणसांच्या बाबतींत तो हौसेचा प्रश्न नव्हता. ज्यांना दृष्टि नाहीं, त्यांना चित्रांचा पडदा म्हणजे बंद दार. अक्षरें मात्र बोटांखालीं ब्रेलमध्यें उमटवितां येतात, किंवा यंत्राच्या आवाजांत वाचून दाखवितां येतात. ह्या संबंधांत पुण्याच्या एका सुपुत्राची आठवण अवश्य केली पाहिजे. टी. व्ही. रमण हे पुण्यांत जन्मले व वाढले. वयाच्या चौदाव्या वर्षीं काचबिंदूमुळें त्यांची दृष्टि गेली. तरीहि त्यांनीं पुणें विद्यापीठांतून गणिताची पदवी घेतली, मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेंत संगणकशास्त्राचा अभ्यास केला, आणि पुढें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांतून 1994 सालीं डॉक्टरेट मिळविली. 1995 सालीं त्यांनीं 'इमॅकस्पीक' नांवाचा कार्यक्रम सर्वांसाठीं खुला केला. अक्षरांच्या पडद्यावरील मजकूर केवळ वाचून दाखविणें एवढेंच त्याचें काम नव्हे. काय चाललें आहे ह्याचा अर्थ ओळखून तो ऐकणाऱ्याला सांगणें, हें त्याचें वैशिष्ट्य. ह्याच इमॅकस्पीकबरोबर सीडीटूलला आज्ञा देणारा एक छोटासा भागहि जोडलेला होता. म्हणजे पडद्याकडे न पाहतां, पत्र लिहितां लिहितां, एखादा अंध मनुष्य दोन कळा दाबून आपल्या आवडीचें गाणें लावूं शके. डोळस माणसाला जो पडदा रुक्ष वाटतो, तोच दुसऱ्या कोणाला घरचा उंबरठा वाटतो, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

आतां त्या निनांवी अनुक्रमणिकेकडे परत यावयाचें. गाणें वाजूं लागलें, पण पडद्यावर दिसे काय? 'गाणें 4, 2 मिनिटें 13 सेकंद.' ह्यापलीकडे तबकडीला स्वतःबद्दल कांहींच सांगतां येत नव्हतें. सीडीए हा कार्यक्रम ज्यानें लिहिला, त्याच टी कान ह्या गृहस्थानें 'एक्सएमसीडी' नांवाचा चित्रपडद्यावरचा कार्यक्रमहि लिहिला होता. आणि ह्या अडचणीवर त्यानें मोठा चतुर उपाय योजिला. तबकडीवर नांवें नाहींत, पण आकडे तर आहेत; आणि दोन निरनिराळ्या तबकड्यांचे सर्व आकडे तंतोतंत जुळणें विरळा. तेव्हां त्या आकड्यांवरूनच तबकडीला ओळखावें. बोटांच्या ठशांवरून मनुष्य ओळखतात, तसेंच हें.

ह्या ओळखीचें गणित शाळेंतील मुलालाहि करतां येईल. समजा, एका तबकडीवर तीनच गाणीं आहेत. पहिलें 2 ऱ्या सेकंदाला, दुसरें 242 व्या आणि तिसरें 602 व्या सेकंदाला सुरू होतें, आणि 902 व्या सेकंदाला सर्व संपतें. प्रत्येक गाण्याच्या आरंभाच्या सेकंदांतील अंकांची बेरीज करावी. पहिल्याची दोन, दुसऱ्याची दोन, चार आणि दोन मिळून आठ, तिसऱ्याची सहा, शून्य आणि दोन मिळून आठ. एकूण अठरा, ही बेरीज फार मोठी झाली तर 255 नें भागून बाकी घ्यावयाची. सर्व गायनाची लांबी 900 सेकंद. गाण्यांची संख्या तीन. अठरा, नऊशें आणि तीन हे तीन आकडे सोळाच्या पायावर एकापुढें एक लिहिले, कीं आठ अक्षरांची खूण तयार झाली. त्या खुणेखालीं कोणी एकानें एकदां नांवें लिहून ठेवलीं, कीं तीच तबकडी जगांत दुसऱ्या कोणाच्या यंत्रांत गेली असतां तीं नांवें आपोआप त्याला मिळावीं. क्वचित् दोन तबकड्यांची खूण एकच निघे. तेव्हां कोणती आपली, हें विचारण्याची पाळी येई. पण एकंदरींत योजना उत्तम चालली.

नांवें लिहिलीं तीं कोणीं? तीं लिहिलीं सामान्य श्रोत्यांनीं. आपल्या हातांतील वेष्टन पाहून एकेकानें एकेका तबकडीचीं नांवें टाइप केलीं आणि तीं ह्या सामायिक भांडारांत पाठविलीं. 'सीडीडीबी' असें त्या भांडाराचें नांव. टी कान आणि स्टीव्ह शेर्फ ह्यांनीं तें इंटरनेटवर खुलें ठेविलें होतें. एक मनुष्य दहा मिनिटें श्रम करी, आणि हजारों अपरिचित माणसांना त्याचा लाभ होई. दुर्दैवानें पुढें ह्या भांडाराचें रूप पालटलें. 1998 सालीं तें एका कंपनीच्या मालकीचें झालें, 2000 सालीं त्याला 'ग्रेसनोट' हें नांव मिळालें, आणि त्याचा उपयोग करणाऱ्या कार्यक्रमांवर परवान्याच्या अटी आल्या. ज्यांनीं फुकट श्रम केले होते, त्यांना आपल्याच हातानें भरलेल्या रांजणांतून पाणी घेण्यासाठीं परवाना विचारला जाऊं लागला, असें वाटलें तर नवल नाहीं. त्यांतूनच 'फ्रीडीबी' हें दुसरें खुलें भांडार उभें राहिलें. तें 2020 सालीं बंद पडलें. रॉबर्ट के ह्यांनीं 2000 च्या सुमारास आरंभिलेलें 'म्यूझिकब्रेन्झ' मात्र चालूं आहे, आणि त्याची मुख्य माहिती सार्वजनिक ठेव म्हणून सोडून दिलेली आहे. मराठी श्रोत्यांच्या दृष्टीनें आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आरंभीच्या काळीं ह्या भांडारांत युरोपीय लिपीचींच अक्षरें चालत. त्यामुळें देवनागरींतील नांव रोमन अक्षरांत, ज्याला जसें सुचेल तसें लिहावें लागे. आतां देवनागरींत लिहिण्याला कोणताहि प्रत्यवाय उरलेला नाहीं.

असो. आतां मूळ प्रश्न. तबकडी फिरते, तरी गाणें कां ऐकूं येत नाहीं? उत्तर असें, कीं ती चार पिनांची तार गेली. संगणक इतके शक्तिमान् झाले, कीं तबकडीवरील आकडे स्वतः वाचून त्यांचा ध्वनि करणें त्यांना खेळ झाला. तेव्हां वेगळी तार आणि ड्राइव्हच्या पोटांतील ध्वनि करणारा भाग हा निष्कारण खर्च ठरला. नव्या ड्राइव्हांना ती तार जोडण्याची जागाच बहुधा नसते. यूएसबीच्या वायरीनें बाहेरून जोडावयाच्या ड्राइव्हांत तर संगणकाकडे जाणारी तशी तार कधींच नव्हती. तेव्हां जुन्या पद्धतीची 'वाजव' ही आज्ञा कांहीं ड्राइव्ह आजहि निमूटपणें पाळतात. माळी पाणी सोडतो, पण पाट तुटलेला असल्यामुळें तें बागेपर्यंत येत नाहीं.

म्हणून आतां मालकानें स्वतः घागर घेऊन जावयाचें. ड्राइव्हला 'वाजव' न म्हणतां 'वाच, आणि वाचलेले आकडे माझ्या हातीं दे' असें म्हणावयाचें. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. लिखित माहितीच्या सीडीवर प्रत्येक तुकड्यांत त्याचा पत्ता लिहिलेला असतो, आणि चुका दुरुस्त करण्याचे जादा आकडेहि असतात. त्यामुळें 2,352 पैकीं 2,048 बाइटच मजकुरासाठीं उरतात. गाण्याच्या सीडीवर सर्व जागा गाण्यालाच दिलेली असते. पत्ता असतो तो बाजूच्या एका क्षीण नोंदींत. त्यामुळें अमुक तुकडा मागितला असतां जुने ड्राइव्ह किंचित् अलीकडचा किंवा किंचित् पलीकडचा भाग देत, आणि जोडलेल्या गाण्यांत खरखर किंवा टकटक उमटे. ह्यावर क्रिस्तोफर माँटगोमेरी ह्यांनीं 'सीडीपॅरानोइया' नांवाचा कार्यक्रम लिहिला. पॅरानोइया म्हणजे संशयपिशाच्च. आणि नांवाप्रमाणेंच तो ड्राइव्हच्या एकाहि शब्दावर विश्वास ठेवीत नाहीं. तोच भाग तो पुन्हां पुन्हां, थोडा मागून व थोडा पुढून वाचतो, एकावर एक येणारे भाग जुळवून पाहतो, आणि खात्री पटली म्हणजेच पुढें सरकतो.

आजहि अक्षरांच्या पडद्यावरून सीडी ऐकावयाची असेल, तर रीत अवघड नाहीं. नवशिक्या मनुष्य प्रथम एक चूक करतो, ती अशी कीं इतर तबकड्यांप्रमाणें तो हीहि 'माउंट' करूं पाहतो, आणि यंत्र तक्रार करतें. गाण्याच्या तबकडीवर फाइली नसतातच, मग त्या उघडणार कशा? माउंट करण्याची आवश्यकता नाहीं. डेबियनसारख्या प्रणालींत वापरणाऱ्याचें नांव 'सीडीरॉम' ह्या गटांत असलें म्हणजे झालें. सीडीपॅरानोइयाला मोठा क्यू हा पर्याय दिला, कीं तो अनुक्रमणिका वाचून प्रत्येक गाण्याची लांबी दाखवितो. तबकडी जिवंत आहे कीं नाहीं, हें येथेंच कळून येतें. नुसतें ऐकावयाचें तर 'एमपीव्ही' किंवा 'एमप्लेयर' ह्या वादक कार्यक्रमाला फाइलीच्या नांवाऐवजीं 'सीडीडीए' ह्या शब्दानें सुरू होणारा पत्ता द्यावा. तो स्वतः आकडे वाचून साउंड कार्डाकडे पाठवितो. कायमची प्रत करून ठेवावयाची तर सीडीपॅरानोइयाला मोठा बी हा पर्याय द्यावा. प्रत्येक गाण्याची स्वतंत्र फाइल तयार होते. मग 'फ्लॅक' नांवाच्या पद्धतीनें ती आटोपशीर करावी. जागा बरीच वांचते आणि मूळचा एकहि आकडा गळत नाहीं.

वाट बदलल्यामुळें झालेला हा लाभ लहान नव्हे. जुन्या व्यवस्थेंत संगणक आज्ञा देई, पण गाणें त्याच्या हातीं लागत नसे. तबकडी गेली कीं गाणें गेलें. नव्या व्यवस्थेंत श्रम वाढले, पण गाणें हातीं आलें. आणि तें हातीं घेण्याची घाई करावयास पाहिजे, ह्याला कारणें आहेत. नव्या लॅपटॉपांत सीडीचा ड्राइव्ह आतां सहसा नसतो. बाजारांत विकत घेतलेली छापील तबकडी नीट जपली तर पुष्कळ वर्षें टिकते. पण घरीं किंवा दुकानांत लिहून घेतलेल्या तबकडीची गोष्ट निराळी. तिच्यांत खळगे नसतात. सेंद्रिय रंगाच्या थरावर उमटविलेल्या खुणा असतात, आणि तो रंग उजेडानें व उष्णतेनें फिकट होत जातो.

नेमक्या ह्याच तबकड्यांवर घराचें खरें धन असतें. बाजारांतील गाणें आज ना उद्यां कोठेंतरी पुन्हां मिळेल. पण आजीनें स्वयंपाकघरांत म्हटलेल्या ओव्या, वडिलांनीं गणेशोत्सवांत केलेलें भाषण, धाकट्या बहिणीच्या गाण्याच्या परीक्षेची तालीम, हीं कोणत्याहि दुकानांत नाहींत. एखाद्या कॅसेटवरून कोणीतरी तीं सीडीवर उतरवून घेतलेलीं असतात, आणि तबकडीवर पेनानें लिहिलेली तारीखहि पुसट होत चाललेली असते.

अशी तबकडी यंत्रांत घातली आणि आठ अक्षरांची तिची खूण काढून जगांतील सर्व भांडारांना विचारली, तर उत्तर एकच येईल: अशी तबकडी आम्हांस ठाऊक नाहीं. अनुक्रमणिकेंत आकडे आहेत, नांव नाहीं; आणि तें नांव ज्यांना सांगतां येईल, अशीं माणसें घरांत दोन-तीनच उरलेलीं असतात. सीडीपॅरानोइया तिची प्रत करील, फ्लॅक ती आटोपशीर ठेवील. आवाज कोणाचा, कोणत्या दिवशींचा, गाणें कोणतें, हें मात्र त्या माणसांपैकीं कोणीतरी शेजारीं बसून सांगितलें पाहिजे, आणि दुसऱ्या कोणीतरी तें देवनागरींत टाइप करून फाइलीला जोडलें पाहिजे. त्या कामाला एक रविवारची दुपार पुरते, आणि अक्षरांचा पडदा त्यासाठीं पुरेसा आहे.